अर्धं झाडलेलं वळण

मडावी गार्डची गाडी घेतली तेव्हा
मडगार्डखाली टिपेश्वरची माती होती,
सागाच्या पानाची एक शीर तिच्यात रुतलेली.
अठ्ठावीस हजार, दोन हप्त्यांत.
"जंगलातली गाडी हाये, डांबरावर रुसते,"
तो म्हणाला. म्हटलं, रुसू दे.

यवतमाळच्या भंगारातून दोन रिमा, सतरा इंची.
एक अपघातातल्या गाडीची, एक कशाची माहीत नाही.
घासाघीस केली, बाकी काही विचारलं नाही.
पुढचं एकवीस इंची चाक काढून
गोठ्याच्या भिंतीला टेकवलं,
आता त्यावर आई दोडक्याचा वेल चढवते.

आरे कापले, नव्याने आटे पाडले.
शेषराव भोयर, सायकलीवाले,
चाक हळू फिरवत नखाने एकेक आरा वाजवत गेले.
एका जागी थांबले.
"हा ढिला बोलते."

बुश मी स्वतः काढले.
आयटीआयला टर्नरच्या बॅचमध्ये मी एकटीच पोरगी होते,
आता रहेमतभाईंच्या लेथवर
दिवसभर पंपाचे शाफ्ट,
रात्री आठनंतर माझं अॅल्युमिनियम.
पहिला बुश अर्धा मिलिमीटर जास्त कापला गेला.
दुसरा बसला तेव्हा
डब्याचं झाकण बसताना होतो तेवढाच आवाज झाला.

गाडी खाली आली दोन बोटं,
स्टँड मात्र जुन्याच उंचीत,
म्हणून उभी केली की उजवीकडे कलंडायची.
स्टँड कापला.
काट्याचं काही केलं नाही. तो अजून मोठ्या चाकाच्या हिशेबात आहे,
साठ म्हणतो तेव्हा आम्ही पन्नासवर असतो.
आमच्याकडे तसंही सगळे वाढवूनच सांगतात.

मे महिना. दारव्ह्याची जिनिंग बंद.
कापसाच्या गंजीच्या जागी नुसतं काँक्रीट,
आणि काँक्रीट संपतं तिथून काळी माती, भेगाळलेली.
सकाळी साडेपाचला चौकीदार चांदेकर फाटक उघडतो,
खांद्यावर दुपट्टा, हातात खराटा.
"कोनती रीत व्हय हे? पाय काहून काढते बाहेर?"
सांगितलं:
वळताना आतला पाय पुढे टाकायचा,
आपण ताठ, गाडी तेवढी खाली ढकलायची,
गुडघ्याला निळ्या ड्रमचा तुकडा बांधलाय तो त्याच्यासाठी,
आणि सगळा भार बाहेरच्या पायावर.
"म्हंजे बंडी वळवाची," तो म्हणाला,
"आतल्या बैलाले आवराचं, बाहेरच्याले हाकलाचं."
याहून नीट मला कुणी सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी पडले.
सरकी.
मागच्या हंगामातली, मूठभर, वळणाच्या तोंडाशी,
छऱ्यांसारखी.
मागचं चाक गेलं, मग पुढचं, मग मी.
कोपराचं सालटं काँक्रीटला राहिलं.
गाडी आडवी, पुढचं चाक फिरतंय अजून.
पडल्या पडल्या नखाने आरे वाजवले.
एकही ढिला बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी हळदीचं कोपर घेऊन गेले
तर वळण झाडलेलं. अर्धंच.
आतली बाजू ताटासारखी स्वच्छ,
बाहेर सरकी अन् माती तशीच पसरलेली.
"समदं झाडलं असतं," चांदेकर म्हणाला,
"मंग तू शिकली असती काय?"
आणि भिंतीला टेकून बसला.
कानावरची विडी कानावरच.
जिनिंगमध्ये पेटवत नाहीत,
बंद असली तरी.

तिसऱ्यात आले, दुसरा टाकला,
क्लच सोडला सावकाश,
वासराच्या गळ्यातलं दावं सोडावं तसा.
मागचं चाक सरकलं,
आणि या वेळी माझ्याबरोबर सरकलं,
काँक्रीटवरून सरकीत, सरकीतून मातीत,
मागे धुळीचा एक काळा पदर.
काटा चाळीस म्हणाला.
त्या दिवशी मी ते खरं मानलं.