इतिवृत्त

शेफील्डच्या हॉटेलात, तळघरातल्या हॉलमध्ये,
जिथे आदल्या दिवशी कुणाचं लग्न लागलं असावं,
खुर्च्यांच्या पाठींना अजून जांभळ्या फिती होत्या,
राज्यशास्त्र परिषदेने मला एक काच दिली.
तळहाताएवढी, वजनदार, आणि तिच्यात कोरलेलं नाव:
धारूरकरांची मुलगी एका अक्षराने
दारूरकर झाली होती.
हसू आलं. मग अध्यक्ष म्हणाले, 'मौलिक भर',
आणि मी चेहरा मौलिक केला.

प्रबंधाचं नाव 'बिनविरोध'.
लिंकनशरच्या एकशे चौदा खेड्यांत
पॅरिश कौन्सिलच्या निवडणुका का होत नाहीत, याचा शोध.
आमच्याकडे बिनविरोध म्हणजे
आदल्या रात्री कुणाच्या तरी पडवीत उशिरापर्यंत दिवा,
एकाचा अर्ज मागे, त्याच्याच शेतापर्यंत रस्ता पुढे,
सकाळी गुलाल.
इथे बिनविरोध म्हणजे
सात जागा, पाच अर्ज,
आणि सूचनाफलकाच्या काचेवर गोगलगायीची चंदेरी वाट.
एवढा फरक तीनशे पानं पुरला.

दुसऱ्या दिवशी लिंकनची गाडी धरली,
तिथून ऑल्डरबीची बस.
परतीची बस नसते, हे मला माहीत होतं.

एनिड स्क्रिमशॉ एकतीस वर्षं तिथल्या लिपिक.
सव्वीस वह्या, बॉयलरशेजारच्या कपाटात, टॉवेलांखाली,
म्हणून एकाही पानाला ओल नाही.
त्या हिवाळ्यात मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून
पानं उतरवून घेतली. दुपारी डब्यातलं सूप.
समासात त्यांची बारीक खूण दिसायची, ग. ना.,
मी आठवडाभर तो कुणाचा तरी सही-शिक्का समजत होते.
'गणपूर्ती नाही,' त्या म्हणाल्या, 'दुसरं काय?'

सभा साडेसातला. खिडकीची कडी तुटलेली,
बाहेरून शेताचा गार वारा.
काच दिली. एनिडबाईंनी ती उलटीसुलटी पाहिली
आणि विषयपत्रिकेवर ठेवली.
कागद फडफडायचे थांबले.

मी म्हटलं, पुस्तकात तुमचं नाव नाही.
नीतिसमितीचा नियम आहे. तुम्ही 'लिपिक क्रमांक नऊ'.
'नऊ? माझ्याआधी आठ कोण?'
ते सांगता येत नाही, म्हटलं.
त्यांनी मान डोलावली,
नियम नीट पाळला की बाईंना बरं वाटतं.

मागील सभेचं इतिवृत्त कायम.
स्मशानाच्या कुंपणाची रंगोटी पुढे ढकलली.
कुत्र्यांच्या घाणीची पेटी
चर्चच्या फाटकाजवळ की बसथांब्याजवळ,
यावर बावीस मिनिटं, आवाज चढला,
एकाने कोट घातला, मग परत काढला.
मी मागच्या खुर्चीत.
परिषदेच्या दोन दिवसांत
कुणालाही इतकं पोटतिडकीने बोलताना ऐकलं नव्हतं.
बसथांबा. दोन विरुद्ध एक.

मग त्यांनी वही माझ्याकडे वळवली.
'आडनाव अक्षर अक्षर सांग. एच कुठे?'
डीनंतर लगेच, मी म्हटलं.
त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं, पुन्हा तपासलं.

सदस्य हजर: तीन.
गैरहजर, कळवून: एक. न कळवता: एक.
त्याखालचा रकाना मला पाठ होता,
माझ्याच प्रबंधातला तक्ता अकरा.
शून्य, शून्य, शून्य, पानोपानी,
एकदाच दोन,
पण ते पावसात आडोशाला शिरलेले सायकलवाले.

पेनाची शाई अडली.
एनिडबाईंनी ते झटकलं, कोपऱ्यात गिरवून पाहिलं,
आणि सावकाश लिहिलं,
उपस्थित जनता: एक.