तोंड लावून जा

अल्माटीहून निघालेली गाडी दुसऱ्या दिवशीही
त्याच गवतातून चालली होती.
बाजूचा वरचा बर्थ, शेहेचाळीस नंबर,
हात उचलला की छत.
साठीच्या गुडघ्यांना ती शिडी म्हणजे
दर वेळी नव्यानं भरणारी बैठक.

डब्याच्या तोंडाशी बंब उकळत असे.
कंडक्टरबाई रौशन येता-जाता बोट वर करी : एक?
मीही बोट वर करी : एक.
ती तिकीट पुन्हा बघे,
छपाईत काही राहून गेलंय जणू.

घर सोडताना मी कुलपाला म्हणाले होते, येते.
जाते म्हणू नये, एवढं जिभेला वळण.
कुलूप काही बोललं नाही.

खालच्या बर्थवर ओरिनकुल.
चाळीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं,
घोरणं मात्र सगळ्या नियमांबाहेरचं.
तिनं माझ्या बुटांची किंमत विचारली
फोनमधल्या बाईच्या मोडक्या हिंदीतून.
मी कमी करून सांगितली.
तरी तिला महागच वाटली.

किझिलोर्द्याला मला उतरायचंच होतं,
पुढची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी.
हॉटेलचं नाव कागदावर होतं.
तिनं तो वाचला, घडी घातली
आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

वाऱ्यात वाळू होती. बाजारात तांदळाची पोती.
सिर दर्या दाखवायला ती पुलावर थांबली,
आजारी नातेवाइकाची ओळख करून द्यावी तशी :
पूर्वी हिचं अंग भरलेलं होतं.

चौथा मजला, लिफ्ट नाही.
मी मटण खाते हे कळल्यावर
तिला माझ्याबद्दल पहिल्यांदा आशा वाटली.

स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वर, खिळ्याला,
प्लॅस्टिकच्या पिशवीत एक गोल रोटी.
एका कडेनं दातांनी तोडलेली.

येर्केबुलान, ती म्हणाली. धाकटा.
कोरियात गाड्यांना आरसे बसवतो. सहा वर्षं झाली.
निघताना एक घास तोडायचा, बाकीची ठेवायची.
रोटी माणसाला ओढून आणते.
पण तुम्ही तर फिजिक्स, मी म्हणाले.
ती इतकी हसली की खुर्ची धरावी लागली.
अंतर जास्त आहे, फोनमधली बाई म्हणाली, बल कम.

व्हिडिओवर ती त्याला रोटी दाखवते.
तो म्हणतो, आई, फेक ती, बुरशी येईल.
इथल्या कोरड्या हवेत बुरशीसुद्धा धरत नाही.

आणि मी, जिच्या भाषेत ह्याला उष्टं म्हणतात,
उष्ट्या हातानं बरणीला शिवले म्हणून
जिची अख्खी बरणी ओतून दिली गेली,
मी त्या खुणेकडे बघत राहिले.
चार दात स्पष्ट. एक जरा वाकडा.
बाबा गेले तेव्हा चष्मा आम्ही दान केला,
कवळी कुठं टाकली कुणालाच आठवत नाही.

सकाळी तिनं ताजी रोटी आणली, तीळ लावलेली,
आणि माझ्या तोंडापुढं धरली.
मी परत नाही यायची हो इथं, मी म्हणाले.
वय, पैसे, व्हिसा, सगळं सांगितलं, मराठीत.
फोन चार्जिंगला होता.
ती रोटी धरून उभी राहिली,
हात थोडा थरथरायला लागला,
तरी.

रात्री अरालला बायका धुरावलेले मासे घेऊन चढल्या.
समुद्र स्टेशनापासून कधीचाच लांब गेलाय,
मासे वेळेवर आले.
दाढेत एक तीळ अडकला होता,
दुपारपासून जीभ फिरून फिरून तिथंच.

नवा कंडक्टर, मिशी नुकती फुटलेला, पुढ्यात उभा.
बोट वर : एक?

थांब रे बाबा, मी म्हणाले,
तोंडात काहीतरी आहे.