पुरवठादाराचं नाव

पहिल्याच पानावर चौकट: सेवा पुरवठादाराचं नाव.
पेन उघडलं. मिटलं.
सकाळची बोट भोंगा देऊन गेलीसुद्धा.

पुरवठादार म्हणजे नक्की कोण, साहेब?
प्रोग्राम मी लिहिला, खरंय,
तीन हिवाळे, दुकान बंद झाल्यावर.
पण विकला नाही. विरजण द्यावं तसा दिला,
मागेल त्याला वाटीभर.
आता कुणाकुणाकडे दही लागलंय, मला काय ठाऊक?
लिस्बनला एक दंतवैद्य, आइसलँडात चर्चमधला एक वादक,
आणि कुठेतरी असाही कुणी
ज्याचं नाव मला ऐकायचं नाही.
त्याच्या भांड्यात नासलं, त्याचा जाब
माझ्या वाटीला?

माझं स्वतःचं भांडं म्हणाल तर
स्ट्रॉमनेसच्या या दुकानात, रंगाच्या डब्यांमागे,
‘झेड’ची कळ निखळलेला लॅपटॉप.
त्यावर एकशे त्र्याऐंशी माणसं.
एक निवृत्त पोस्टमन रोज रात्री
आपल्या गुडघ्याविषयी लिहितो
आणि वीसेक जण खरोखर विचारपूस करतात.

कलम अकरा: वापरकर्त्याचं वय कसं पडताळता?
वेस्ट्रेचा एर्लेंड कड्यावर पालथा पडून
समुद्रपक्षी मोजतो, रात्री आकडे टाकतो.
वादळाने तीन दिवस बोट बंद होती,
त्याची आई आमच्याच माडीवर अडकली,
तिथेच झाला तो. टॉवेल मी गरम करत होते.
चौदा पुरी नाहीत अजून.
याला चौकट नाही.
त्याचा चेहरा कॅमेऱ्यापुढे धरून
कुठल्याशा कंपनीला विचारायचं,
सांगा, हा केवढा आहे?

कायदा मूर्ख आहे
असं मी बहिणीसमोर म्हणाले नाही.
तिची इंगा.
दुसरीकडे, मोठ्या चकचकीत ठिकाणी
रात्री दोन वाजता तिला जे दाखवलं गेलं,
पुन्हा, आणि पुन्हा,
ते दाखवणाऱ्याचं नाव कुठल्याच चौकटीत नव्हतं.
इंगा आता जेवते.
बहीण अजून दाराबाहेर बसून ऐकते, चमचा वाजतोय का.
खासदाराला पत्र तिनेच लिहिलं होतं:
काहीतरी करा.

केलं त्यांनी.
म्हणून चौथ्यांदा वाचतेय ही सत्तावीस पानं,
जणू माझ्याकडे वकिलांचा अख्खा मजला आहे
अशा भाषेतली.
दंडातली शून्यं बोटाने मोजली.
दुकान, माडी, बाबांची होडी धरूनही
हिशेब पहिल्या दोन शून्यांशीच दमतो.

रात्री एर्लेंड:
फुल्मार चारशे बारा. पफिन कमी.
इसबेल, सोमवारनंतर कुठे लिहू?

वहीत लिही, तारीख घालत जा,
एवढं टाइप केलं. पाठवलं नाही.

चौकटीत लिहिलं:
इसबेल फ्लेट. दोरखंड, रंग, खिळे.
शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

पान दोन.
एकूण कर्मचारी, विभागवार.