भेगेतलं तिकीट

पहिल्या खेपेला दलालाने तासभर बलकांवच दाखवला.
लाल सिमेंट, समोरासमोर दोन सोपे, पाठ टेकायला गार चिरा.
"असली बैठक आता पणजीत कोट मोजूनही मिळायची नाही, बाई."
मी म्हटलं, नसेल. मला न्हाणीघर दाखवा.

न्हाणीघरात पाणी मोरीच्या उलट्या दिशेला जातं.
स्वयंपाकघराची कौलं धुराने काळी, त्यांत एक काचेचं,
त्यातून उन्हाचा चौकोन पडतो बरोब्बर तिथे
जिथे मालकीण मिरच्या पसरते.
हे विकता येण्याजोगं नव्हतं,
म्हणून दलाल त्याच्यावर पाय देऊन पुढे गेला.

दुसऱ्या खेपेला रोहिदास आणि मी दोघंच, म्हापशाहून बसने.
त्याने शिडी मागून घेतली, बोटाच्या पेराने
एकेक वासा वाजवत गेला, डॉक्टर पाठ वाजवतात तसा.
तिसऱ्या वाशाला आवाज बदलला.
खाली उतरून वहीत: वासा ३, आत पोकळ. वाळवी जुनी की चालू?
उत्तरेच्या भिंतीला भेग. तिच्यात बसचं तिकीट सरकवलं,
अर्धं आत गेलं आणि अडलं.
"राहू दे. भेग वाढली तर आपसूक पडेल."
सव्वीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढलेला माणूस
दुसऱ्याच्या भिंतीशी इतक्या सलगीने वागतो.

तिसऱ्या खेपेला एर्मेलिंदबाय कपाटाला टेकून उभी होती.
दलाल म्हणाला, शिसवी आहे, घरासोबतच येईल, हलवायला नको.
तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे,
आणि खांदा लावून कपाट स्वतःच हातभर सरकवलं.
मागे भिंतीवर आडवी तपकिरी रेघ. माझ्या गुडघ्याच्या वर.
"मानशीचं दार मोडलं त्या वर्षीची. खाजनातलं पाणी. खारं."
दलालाने मोबाइल काढला आणि बाहेर गेला.
तिची लेक स्विंडनला, गोदामात रात्रपाळी,
घर विकलं की आईला नेणार.
आईने अजून स्वेटर घेतलेला नाही.

वकील म्हणाला, इन्व्हेंटरी झालीय, पण एक नाव उरतंय,
कुणी बाप्तिस्त, मोझांबिकला गेलेला.
मेला असेल तर दाखला हवा, जिवंत असेल तर सही.
तेव्हापासून रोहिदास खोल्या मोजताना
एक माणूस जास्त धरतो.

चौथ्या खेपेला मुद्दाम संध्याकाळी गेलो,
काय काय ऐकू येतं ते ऐकायला.
कुत्री, पाच. शेजारच्या बंगल्याचा पंप,
बंगला वर्षातून दहा दिवस उघडा, कुंपण आठ फूट, वर काचा.
सात वाजता चापेलात तेर्स. नायकांकडे कुकर, तीन शिट्ट्या.
आणि पावलं.
मागच्या दारावरून, विहिरीला वळसा घालून,
आमच्या, म्हणजे एर्मेलिंदबायच्या, अंगणातून:
दोघी बायका, सायकल ढकलणारा पोर, डोक्यावर गवत घेतलेली कुणी.
तिच्या मागची थांबली. सुलक्षा नायक.
आधी माझी चप्पल बघितली, मग रोहिदासच्या हातातली टेप.
"तुमी ही वाट बंद करतलीं?"

नकाशात ती वाट नाही. मी तीनदा पाहिलाय.
मी म्हटलं, अजून घेतलं नाही हो घर.
"घेतल्यार," ती म्हणाली, आणि उभीच राहिली.
रोहिदास टेप गुंडाळत राहिला, गुंडाळून झाली तरी.

कबूल करते: माझ्या मनात फाटक होतं.
हिरवं, लोखंडी, आतून कडीचं.
पहिल्या खेपेपासून होतं.

परतीची बस यायची होती. तेवढ्यात रोहिदास
विजेरी घेऊन मागे जाऊन आला.
तिकीट जागेवर आहे, म्हणाला.
ओढून पाहिलंस?
नाही. नुसतं बघितलं.