तिथीची पाऊणपट

तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ येते.
दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ.
हे मला सगुण तारींनी शिकवलं
आणि मी कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी,
पेन्सिलीने समुद्र मांडू लागले.

एखादीच सकाळ जुळते.
नळाला पाणी पावणेसहाला,
ऋजुताची शिकवणी सातला,
पतपेढीचं शटर साडेनऊला.
मधल्या फटीत भरती हवी, मतलई हवी,
आणि मी जागी हवी.
तिन्ही एकदम म्हणजे गुरुपुष्यच.

बोट म्हणजे काय, फायबरची डिंगी,
कुठल्याशा क्लबाने मोडीत काढलेली.
तळाला तीन ठिगळं,
शिडावर कुणाचा तरी जुना आकडा.
देवगडात उतरवली तेव्हा नवरा म्हणाला, 'बरं.'
त्याच्या 'बरं'ला दोन अर्थ असतात.

पहिल्या वर्षी मी तापातही गेले.
दुसऱ्या वर्षी वहीत फेऱ्या लिहिल्या.
यंदा दिवाळीनंतर नुसत्याच तिथी.
नवमीला ऑडिट, दशमीला पाहुणे.
एकादशीला काहीच नव्हतं,
वारा होता, पाणी होतं,
मी खिडकीशी उभी राहून
वाटाणे सोलले.

माडाखाली बोट उलटी पडून.
तिच्या पोटात कोंबडीने अंडी घातली.
ऋजुताने कडेला खडूने नाव लिहिलं: 'उद्या'.
मी रागावले नाही.
अक्षर चांगलं होतं.

फ्रिज दुरुस्त करणारा इम्तियाज सोलकर
शिडाची फळी टेम्पोच्या टपावर बांधूनच हिंडतो,
कुणाच्या लग्नाला गेला तरी.
दुपारी खारा वारा उठला
की दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये अर्धा तास
खाडीच्या तोंडाशी
पडतो, उठतो, पडतो.
विचारलं, 'कंटाळो येणा नाय रे तुका?'
'येता मा. पण ती टपावरसून उतरवूचो जास्त येता.'

त्यावरून मी एवढंच केलं:
रात्री डोलकाठी, सुकाणू, शीड, दोरखंड
पुढच्या दारात आडवं टाकलं.
सकाळी दुधाची पिशवी घ्यायची
तरी ते ओलांडावं लागेल.

द्वादशी. कोंबडीला टोपलीत हलवलं,
तिने माझा अंगठा फोडला.
पाणी घोट्याला लागलं तेव्हा थंड,
मांडीला लागलं तेव्हा तोंडातून शिवीच आली.
मग डोंगराकडून मतलई,
कलमांचा, ओल्या पातेऱ्याचा वास घेऊन.
शीड दोनदा फडफडलं, तिसऱ्यांदा भरलं
आणि दोर हाताला ओढू लागला,
जत्रेत मूल ओढतं तसा.
त्याला काहीतरी दिसलेलं असतं,
आपल्याला अजून नाही.

बंदराबाहेर नाही गेले.
दीपगृहाच्या समोर दोन वळणं, त्यातलं एक चुकलं,
गळ्यापर्यंत भिजले,
जेट्टीवरचं एक पोरगं पोट धरून हसलं.
सगळी मिळून चाळीस मिनिटं.
परत ओढून लावताना पाहिलं:
खडूचं 'उद्या' धुऊन गेलेलं,
'द्या' तेवढं पुसट.

दहा वाजता नोटा मोजताना
फुटका अंगठा स्पंजवर झोंबत होता.
भुवईला मीठ. कुणाला दिसलं नसावं.
दोन वाजता दारातून खारा वारा आत आला,
पावत्या उचलल्या,
जुवाटकरकाकूंची स्लिप टेबलाखाली गेली.
मॅनेजर म्हणाले, 'पंखा कमी करा जरा.'
पंखा बंदच होता.

पावत्यांवर स्टेपलर ठेवला.
पुढची दशमी मंगळवारी येते,
आणि मंगळवारी
गॅसवालाही येतो.