शेरा

वेबपेजवर तक्ता असतो, तासातासाला बदलणारा:
धरण, वेळ, विसर्ग, पुलाखालची पातळी.
तो उचलून एक्सेलमध्ये ठेवायचा, एवढंच माझ्या स्क्रिप्टचं काम.
शहाऐंशी ओळी. कंत्राटाच्या दुसऱ्या आठवड्यात लिहिल्या,
त्र्यंबक रोडच्या ऑफिसात, जिथे पंख्याखालच्या फायलींवर
पेपरवेट म्हणून नदीतले गोटे ठेवलेत.

आधी ती लहानसहान चुकायची.
'गंगापूर' हे नाव तीन ओळींत मिळून एकदाच लिहिलेलं.
माणसाला कळतं, खालच्या दोन ओळीही त्याच्याच.
तिला नाही कळायचं. ती ओळ डावीकडे सरकवायची
आणि धरणाच्या जागी सकाळचे सहा वाजायचे.
ते निस्तरलं, तर पाच ऑगस्टचं तिने परस्पर आठ मे केलं.
मग सुकदेव लिलके. होळकर पुलावरची पट्टी वाचून कळवतात,
मोबाइलवरसुद्धा ९ मराठीतच टाकतात.
एक्सेलला तो शब्द वाटतो.
आकडे उजवीकडे, शब्द डावीकडे,
आमच्या शाळेतल्या मुलामुलींसारखे वेगळे बसवलेले.
नऊला उठवून उजवीकडे बसवायला माझी एक दुपार गेली.

शेवटी कंटाळून चाळिसावी ओळ घातली:
आकडा नसेल तर शून्य धर.
त्यानंतर स्क्रीनवर लाल अक्षरं म्हणून आली नाहीत.
आहेर साहेब म्हणाले, बघा, कशी सुतासारखी सरळ आली.

ऑगस्टातल्या त्या रविवारी भांडीबाजारातून दादाचा फोन:
"पातेली माळ्यावर चढवू का गं? तुझ्याकडे काय दिसतंय?"
मी आलेख उघडला.
रेघ चढत गेलेली, अकरा फूट, बारा, साडेबारा,
आणि तिथून सरळ तळाला.
तीन वाजता शून्य. चार वाजता शून्य. पाच वाजता शून्य.
माझ्याकडे गोदावरी आटली होती.
"थांब जरा," म्हटलं.
"थांबतो कसला! दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलंय."
मागे कुठलातरी हंडा जिन्यावरून गडगडत गेला
आणि फोन बंद.

दोष शोधताना आपण स्वतःला सोडून सगळं तपासतो.
मी नेट तपासलं. सर्व्हर तपासला.
कुणी रकान्यांचा क्रम बदललाय का तेही पाहिलं.
मग कित्येक महिन्यांनी मूळ पान
स्वतःच्या डोळ्यांनी उघडलं.
पातळीच्या रकान्यात, तीनच्या चौकटीत:
पट्टी बुडाली. अंदाजे लिहू का?
चारच्या चौकटीत:
पट्टी दिसत नाही. कमानीला पाणी.
पाचच्या:
कोणी वाचतंय का

वाचत होती ना. चाळिसावी ओळ वाचत होती.

मी फोन लावला. पाण्याचा आवाज आधी आला, माणूस नंतर.
"हां ताई, हाये मी हितंच. छत्री तेवढी गेली."
काय बोलावं सुचेना. म्हटलं, मागे सरका.
म्हणाले, "मागंच हाये. आता किती लिहू?"
"दिसतंय तसंच लिहा."

चाळिसावी ओळ त्याच रात्री खोडली.
एक रकाना वाढवला, नाव दिलं 'शेरा'.
आता ती अडते. आठवड्यातून दोनदा तरी
लाल होऊन दारात बसते, मी जाऊन समजूत काढते.
आहेर साहेबांना ते आवडलेलं नाही:
आलेखाला मध्येच खिंडार पडतं,
आणि शेऱ्याची बेरीज कशी करायची, विचारतात.
मलाही माहीत नाही.

परवा, फेब्रुवारीत, सकाळी आठची नोंद आली.
पातळी: ०. उजवीकडे नीट बसलेलं, त्यांनी स्वतः टाकलेलं.
पुढे शेरा:
पट्टीखाली नुसते गोटे. वर खंड्या बसला आहे.
तो उडाल्यावर साडेआठला पुन्हा कळवलं,
कुणी विचारलं नव्हतं तरी.