आज त्याला सुट्टी

चितारओळीत लाकडी बैल विचारला, वीतभर.
बावीसशे म्हणाला.
मी म्हटलं, शिंगं सोन्याची आहेत का जी?
तो हसला नाही. त्याच्या हातात ओला ब्रश होता.
तर आपण घरीच करू, असं मी
गाडी चालवता चालवता, पाठमोरंच सांगून टाकलं
आणि मानेवाडा येईपर्यंत शर्वरी
माझ्या पाठीला गाल लावून विचार करत होती:
बाबांना येतं?

येत नाही.
मी कळमन्याच्या अडतीत वजनं लिहितो.
शाळेत माझी कागदी होडी
बाई वर धरून विचारायच्या, टोपी का रे?
लग्नाच्या आहेराची पाकिटंसुद्धा
मी स्टेपलर मारून बंद करतो.

पण कूलरच्या नव्या मोटरचं खोकं होतं घरी.
काय काय लागतं, हे मी सांगू शकतो आता
माझ्यासारख्या हातांच्या बापांना:
खोकं, जे वाया गेलं तरी कोणी रडणार नाही.
बाटल्यांची चार झाकणं. खराट्याची काडी, आसासाठी.
आणि मैद्याची खळ, कारण फेविकॉल
माझ्या हातात आला की आधी मलाच चिकटतो.
झाकणाला भोक पाडायला तापवलेला खिळा.
हे काम मोठ्यांनी करावं.
मोठ्याचा अंगठा भाजला.
शर्वरीने टूथपेस्ट लावली, पुदिन्याची,
आणि कात्री स्वतःकडे ओढून घेतली.

वशिंड बसलं मानेवर.
एक शिंग आभाळाकडे, एक शेजाऱ्यांच्या घराकडे.
डोळे तिने काढले, पापण्यांसकट,
रात्रपाळीहून आलेल्या आईसारखे.
माझ्या वाट्याला शेपूट आलं, सुतळीचं.
"यात चुकायला जागाच नाही," ती म्हणाली.
मी उलटं लावलं: गोंडा आत, गाठ बाहेर.

सकाळी इतवारीत मारबत निघाली.
एका बंद दुकानाच्या पायरीवर उभे होतो आम्ही.
काळी गेली, पिवळी गेली, मागून बडगे,
त्यांच्या गळ्यात महागाई, खड्डे, सगळ्यांवरचा राग.
लोक ओरडत होते, रोगराई घेऊन जा गे मारबत!
शर्वरी माझ्या खांद्यावरून ओरडली,
बाबांचं वाकडं कापणं घेऊन जा गे मारबत!
एक हवालदार वळून
माझ्या हातांकडे बघून गेला.

संध्याकाळी तान्हा पोळा, सोसायटीच्या मैदानात.
तीस-पस्तीस बैल. झुली, आरसे, घुंगरं.
चिंचखेड्यांच्या नातवाचा एवढा थोरला
की दोन काका ढकलत होते आणि नातू
भेळ खात होता.
आमचा दोन हात चालला आणि बसला.
काडी मोडली होती.
मी सगळ्यांसमोर गुडघ्यावर,
कॉलर घामाने भिजलेली, झाकण दाताने धरून.
उमरेडकर सर वही घेऊन आले.
"चालत नाही का गं बेटा?"
मी झाकण थुंकून खुलासा द्यायला तोंड उघडलं,
खोक्यापासून सुरुवात करणार होतो.
"काल पोळ्यात खूप फिरला तो," ती म्हणाली,
"आज त्याला सुट्टी."
सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. नंबर आला नाही.

मग बोजारा मागायला गेली घरोघर.
बाकीचे बैल खडखडत येत होते दोरीमागे,
आमचा तिच्या कडेवर,
झोपलेलं लेकरू नेतात तसा,
मान खांद्यावर, शिंग कानात टोचत.
दार उघडणारी प्रत्येक बाई आधी विचारायची,
काय झालं बाप्पा याला?
आणि दहाच्या जागी वीस द्यायची.

बैल आता फ्रिजवर असतो.
खळ वाळून पोट जरा आत गेलंय त्याचं.
काल रात्री ती म्हणाली,
दिवाळीचा कंदील घरीच ना?
मी म्हटलं, बाजारात छान मिळतात.
ती काही बोलली नाही.
माझ्या अंगठ्याकडे बघितलं,
आणि टूथपेस्ट किती उरलीय
ते बघायला मोरीत गेली.